घोड्याचं खोगीर, लगाम, चंदी आणि बाकीचा पसारा : ठेवणीची खोली घरीच बनवताना

मावळपागा

मंडळी, पवन मावळात आमची छोटीशी पागा आहे. जनावरं दोनच, एक काठियावाडी घोडी आणि एक भीमथडी तट्टू, पण सामान अख्ख्या रिसाल्याचं. दोन खोगिरं (एक कानपूरहून आणलेलं इंग्लिश, एक आपल्याकडचं साधं गादीचं), तीन लगाम, तंग (खोगीर आवळायचे पोटपट्टे), रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या), नमदे (खोगिराखालच्या लोकरी घड्या), झुली, मोरक्या, अगाडी-पिछाडीचे दोर, खरारे, ब्रश, खूर कोरायचा आकडा, औषधांचा डबा. त्यात चंदी (घोड्याचा दाणा) आणि कोंडा. आजवर हे सगळं वळचणीला खुंट्यांवर आणि पोत्यांवर राहत आलंय.

आता जुन्या गोठ्यातली १० बाय १२ ची एक खोली मोकळी झाली. दगड-मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. तयार सामान मिळतं, पण एका खोगिराच्या लोखंडी हाताला (खोगीर ठेवायचा पुढे आलेला आधार) जेवढे पैसे मागतात तेवढ्यात आमच्याकडे महिनाभराचा कोंडा येतो. घरात वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे, नवऱ्याला हौस आहे आणि मला मोजमापाची खोड आहे. पाऊस लागायच्या आत उरकायचंय.

वैरण या खोलीत ठेवणार नाही, तिला वेगळी पडवी आहे. चंदी भंगारातल्या निळ्या ड्रममध्ये भरायचा विचार आहे. बाकीच्याबद्दल तीन प्रश्न:

चामड्याला बुरशी. जुलैत चार दिवस हात लावला नाही की खोगिरावर हिरवट-पांढरी लव. सामान उघडं ठेवावं की बंद कपाटात?

उंदीर. ते चंदी खातातच, पण तंगाचं चामडं का कुरतडतात?

आणि या भिंतीत फास्टनर धरेल का?

खोगीर_भरती

नाव वाचून आलो. माझ्याकडे घोडा नाही, सायकल आहे. तीसुद्धा जिन्याखाली. चालू द्या.

रंधा

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो चुकला तर बाकीचं सगळं खाली येईल.

फास्टनर विटेत किंवा काँक्रीटमध्ये फुलून बसतो. दगड-मातीच्या भिंतीत ड्रिल एकतर दगडाला लागून घसरतं किंवा दोन दगडांमधल्या फटीत जातं, आणि फटीत माती. तिथे नट आवळत राहा, फास्टनर नुसता फिरत राहील. खोगीर सात-आठ किलोचं, फार नाही. पण ते भिंतीपासून दोन फूट पुढे लोंबतं, आणि रिकीब ओढताना माणूस त्यावर रेलतो. तेव्हा भिंतीचा नाद सोडा. दीड इंची चौकोनी पाइपची स्वतंत्र चौकट करा, पाय जमिनीवर, वरचं टोक वाशाला क्लॅम्पने धरलेलं. भिंतीपासून चार बोटं मोकळी. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येणारच, सामान तिला टेकायलाच नको.

आता खोगिराचा हात. बरेच लोक नुसता एक पाइप पुढे काढतात आणि त्यावर खोगीर टाकतात. खोगिराच्या पोटात मधोमध जी पन्हळ असते ती घोड्याच्या मणक्यावर भार येऊ नये म्हणून. बारीक पाइपवर ठेवलं की सगळा भार नेमका त्या पन्हळीवर येतो, आणि दोन्ही बाजूंच्या गाद्या लोंबून वाकड्या होतात. म्हणून घोड्याच्या पाठीसारखा उतार द्यायचा: दोन फळ्या, प्रत्येकी २२ इंच लांब आणि ६ ते ७ इंच रुंद, एकमेकींना साधारण काटकोनात, पण वरती जोडायच्या नाहीत. मध्ये दोन इंचांची फट. पन्हळ त्या फटीवर येते, भार दोन्ही गाद्यांवर जातो आणि खालून हवा लागते. फळ्यांच्या कडा रंध्याने गोल करा, हात फिरवून बघा. जिथे तळव्याला टोचेल तिथे चामड्यावर वळ उठेल.

दोन हात एकावर एक असतील तर मध्ये निदान ३० इंच. खालचा कंबरेच्या उंचीला, जड खोगीर त्यावर. डोक्यावरून खोगीर उतरवायला लावणारा माणूस स्वतः कधी उतरवत नसतो.

लाकूड: चाकण, भोसरीकडे भंगारवाल्यांकडे पॅलेटं मिळतात. घेताना शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं, ते चालेल. 'एमबी' असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं, ते नको. पॅलेटचं पाइन वाळवीला फार आवडतं, म्हणून जमिनीला टेकणारा एकही तुकडा लाकडाचा ठेवू नका. कपाट करणार असाल तर मरीन प्लाय, आयएस ७१० लिहिलेली.

तापीकाठ

आम्ही शहाद्याकडचे. सारंगखेड्याच्या यात्रेला, दत्तजयंतीला, आमच्या वाडवडिलांपासून जाणं. मारवाडी घोडे आहेत, नाचाचे. त्यामुळे सामान म्हणजे नुसतं खोगीर नव्हे, गोंडे, कवड्यांच्या माळा, पितळी घुंगरं, जरीच्या झुली.

आमच्याकडे सगळं पत्र्याच्या पेट्यांत. खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर जुनं धोतर, मग सामान, मग परत धोतर. पितळ आणि चामडं एका पेटीत ठेवत नाही, पितळेला हिरवं चढतं आणि ते चामड्याला लागतं. पेटी वर्षातून दोनदा उन्हं दाखवायला उघडायची. बुरशी आम्ही पाहिलेली नाही. तेव्हा ताई, बंद पेटीच बरी.

माथेरानी

दादा, तुमच्याकडे ऊन आहे म्हणून पेटी चालते. आमच्याकडे जूनमध्ये पेटी बंद केली आणि ऑगस्टात उघडली तर आत बुरशीचं शेत.

माथेरानला मोटारी येत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा अर्थ असा की प्लाय, पाइप, सिमेंट, काहीही घ्यायचं तर दस्तुरी नाक्यापासून हातगाडी, घोडा नाहीतर डोकं. म्हणून आम्ही जे वर आलेलं आहे त्यातच भागवतो. लगामासाठी एक सांगतो, फुकटचं आहे. लगाम खिळ्याला टांगू नका. कानामागचा पट्टा खिळ्यावर घडी पडून तिथेच चिरतो, आणि नेमका तोच पट्टा घोडा मान झटकतो तेव्हा तुटतो. रंगाचा रिकामा लिटरचा डबा घ्यायचा, उघडं तोंड आपल्याकडे, तळाला दोन भोकं पाडून तळ फळीला ठोकायचा. चार इंची गोलाई मिळते. पट्टा त्यावर घोड्याच्या डोक्यावर बसतो तसाच बसतो. आमच्या पडवीत एका फळीवर असे डबे आहेत, प्रत्येकावर घोड्याचं नाव रंगवलेलं. पर्यटकांची पोरं आधी त्याचेच फोटो काढतात.

उंदीर चामडं का खातात? घामाचं मीठ. तंग आणि नमदा घोड्याच्या घामाने भिजतात, वाळले की खारट. घोड्यावरून उतरवलं की ओल्या फडक्याने पुसायचं, मग टांगायचं. कितीही कंटाळा आला तरी. पुसलेल्या तंगाकडे उंदीर ढुंकून बघत नाही असं म्हणणार नाही, पण न पुसलेला आधी जातो.

पारा_चढला

उघडं की बंद यावर भांडण व्हायच्या आधी थोडा हिशोब मांडतो.

बुरशीला आर्द्रता लागते. सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर सतत राहिली की चामड्यावर ती उगवणारच. मावळात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच नव्वदच्या आसपास असते. मग 'खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या' या सल्ल्याचा अर्थ काय होतो? बाहेरची ९० टक्केवाली हवा आणून आतल्या खोगिराला लावा. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात खेळती हवा उत्तमच. पावसाळ्यात तिच्याने ओला नमदा थोडाफार वाळेल, खोगीर कोरडं राहणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे हवा किंचित गरम करणं. २४ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा २९ अंशांपर्यंत तापवली की त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची ते धरायची ताकद वाढलेली असते. पाच अंशांचा खेळ आहे सगळा. अख्खी कौलारू खोली पाच अंशांनी तापवायला गेलात तर वीजबिल बघून घोडी विकावी लागतील. पण छोटं कपाट सहज तापतं. पाच फूट उंच, अडीच रुंद, दोन खोल, प्लायचं. त्यात खाली ४० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब. माझ्या अंदाजाने पाचेक अंश मिळतील. एक गेला तर दुसरा थोडंफार सांभाळून घेईल. एलईडी चालणार नाही, त्यात उजेड आहे, ऊब नाही. रात्रंदिवस चालवले तर दिवसाला दोन युनिटच्या आत.

कॅमेऱ्यांच्या लेन्सा सांभाळणारे हेच करतात. आणि दोनतीनशे रुपयांचा, आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर घ्या, म्हणजे अंदाजावर राहायला नको.

मावळपागा

@पारा_चढला, हे कुणी सांगितलंच नव्हतं! आमच्याकडे येणारा प्रत्येकजण 'खिडकी उघडी ठेव' एवढंच सांगून जातो.

@रंधा, चौकट पक्की. भिंतीवर एक फास्टनर मारून बघितला. तुम्ही म्हणालात तसंच, मातीचा भुगा आणि फिरणारा नट.

@माथेरानी, डबे आजपासून जमवतेय.

डॉ_खूरखबर

पशुवैद्य आहे, त्यामुळे चामड्यापेक्षा चंदीवर बोलतो. खोगीर खराब झालं तर पैसे जातील. चंदी खराब झाली तर जनावर जाईल.

घोड्याला उलटी होत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच सरकणार. बुरशी लागलेला कोंडा किंवा मका दिला की पोटशुळाचा धोका मोठा, आणि पोटशूळ घोड्याच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. म्हणून पावसाळ्यात कोंडा साठवूच नका. आठ-दहा दिवसांचा आणा, संपला की परत आणा. हरभरा, जव, ओट त्या मानाने टिकतात, पण नीट वाळलेले असतील तरच. दाताखाली कटकन तुटला पाहिजे, दबला तर ओल आहे.

ताई, निळ्या ड्रमचं तुम्ही लिहिलंय. आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा. भंगारात जे दोनशे लिटरचे ड्रम येतात त्यांतल्या कित्येकांत रसायनं असतात, आणि 'धुऊन दिलाय मॅडम' याला काही अर्थ नसतो, प्लास्टिक वास धरतं तसं बाकीचंही धरतं. खाद्यतेल, सरबताचा अर्क, फळांचा गर असं ज्यात आलं असेल तोच घ्या. लेबल शाबूत असेल तर सोन्याहून पिवळं. झाकण लोखंडी कडीने आवळणारं हवं. अशा ड्रममध्ये ओट भरले तर साधारण शंभर किलो मावतात, हरभरा दीडशेच्या आसपास, कोंडा मात्र पन्नासही नाही, तो नुसता फुगलेला असतो.

ड्रम फरशीवर थेट नको. विटांवर फळी, तिच्यावर ड्रम. उन्हाची तिरीप येईल अशा जागी तर मुळीच नको, दिवसा तापून रात्री गार झाला की आतून झाकणाला पाणी सुटतं आणि वरचा थर आधी खराब होतो. नवं धान्य जुन्यावर ओतू नका. ड्रम रिकामा करा, पुसा, मग भरा.

आता दोन गोष्टी जिवावरच्या. पहिली: गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं खाद्य या खोलीत ठेवत असाल तर ते निराळ्या रंगाच्या झाकणाखाली, निराळ्या मापट्याने. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, कोंबडीला चालतं, घोड्याला थोड्या मात्रेतही ते हृदयावर जातं आणि त्यावर उतारा नाही. गोठा आणि पागा शेजारी असलेल्या ठिकाणी मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

दुसरी: दार. घोडा साधी सरकती कडी ओठांनी उघडतो. रात्री चंदीच्या खोलीत घुसून घोड्याने पोटभर हरभरा खाल्ला तर सकाळी पोट फुगलेलं, आणि तो जगला तर दोन दिवसांत खुरांना सूज. या खूरसुजीतून, लॅमिनायटिसमधून, उठलेलं जनावर बहुधा पुन्हा पहिल्यासारखं पळत नाही. वर कोयंडा, त्यात स्प्रिंगचा हूक, आणि खाली पायाजवळ दुसरी कडी. खालच्या कडीपर्यंत डोकं नेण्याची बुद्धी असलेला घोडा मी अजून पाहिला नाही, पण आहे म्हणतात.

तापीकाठ

डॉक्टरसाहेब, आमच्या एका नातेवाइकांकडे अगदी हेच झालं होतं. लग्नाच्या वरातीचा घोडा, आदल्या रात्री दाण्याची कोठी उघडी राहिली. वरात निघाली ती मोटारीतून, आणि घोडा पुढे वर्षभर नुसता बांधून. दाराला दोन कड्या, मान्य.

आणि पारा चढलासाहेब, पेटीबद्दल शब्द मागे. खानदेशातलं शहाणपण मावळात चालत नाही हे कबूल. मात्र पितळ वेगळं ठेवायचं ते तिकडेही ठेवा.

कॅल्गरीकर

कॅनडातून. इथे मी दुसऱ्याच्या पागेत घोडा ठेवते, आणि प्रत्येकाला तीन फूट बाय दोन फुटांचं एक लाकडी कपाट मिळतं, तेवढ्यात संसार. इथलं वेस्टर्न खोगीर बऱ्याचदा पंधरा किलोच्या आसपास, त्यामुळे रंधादादांचं 'जड खालच्या हातावर' अगदी पटलं.

आमची अडचण उलटी. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की चामडं तडकतं, आणि उणे पंचविसात तेल, शाम्पू, जखमेचं औषध, सगळं गोठतं. लगामाचं तोंडातलं लोखंड बाहेर टांगलेलं असेल तर ते हातात धरून गरम केल्याशिवाय घोड्याच्या तोंडात घालायचं नाही, जीभ चिकटते. म्हणून आमची सामानाची खोली गरम ठेवतात.

माथेरानींच्या मिठाच्या मुद्द्याला पुस्ती: इथलं साळिंदर घामाने खारावलेलं खोगीर, लगाम, फावड्याचा दांडासुद्धा कुरतडतं. रात्री बाहेर विसरलेलं खोगीर सकाळी अर्धं. आणि उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. इथल्या रानउंदरांपासून हंटाव्हायरस होतो, म्हणून आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून मग पुसायचं असा दंडक आहे.

डॉ_खूरखबर

तिकडे हंटाव्हायरस, इकडे लेप्टो. उंदराच्या मुतातून घोड्यालाही होतो आणि माणसालाही. तेव्हा पद्धत इथेही तीच, वर हातमोजे. आणि चंदीच्या खोलीत उंदराचं विष ठेवू नका. झिंक फॉस्फाइडची गोळी दाण्यात सांडली तर ती उंदीर शोधत बसणार नाही. पिंजरा लावा, दाराखाली रबरी पट्टी, झरोक्याला पाव इंची वेल्डमेश. उंदीर कमी झाले की त्यांच्या मागे येणारी घोणसही कमी होते. दिव्याचं बटण दाराबाहेर घ्या, म्हणजे अंधारात आत हात घालावा लागत नाही.

सहज_डोकावले

बल्बचं वाचून धसका बसला. पागा, चामडं, तेलाचे डबे, आणि रात्रंदिवस पेटलेला तारेचा बल्ब? शेजारी वैरण? आमच्या गावात एका गोठ्याला आग लागली ती उघड्या होल्डरमुळेच.

पारा_चढला

धसका रास्त आहे, म्हणून नीट लिहितो. वैरण त्या खोलीत नाही हे त्यांनी आधीच लिहिलंय, आणि ती तशी नसेल तर हा उद्योग करूच नका. बल्बला तारेची जाळी, जाळीपासून चामडं निदान फूटभर लांब. होल्डर चिनी मातीचा. बल्बमागे प्लायला पत्र्याचा तुकडा. वायर लोखंडी कंड्युटमधून (नळीतून), कारण प्लास्टिकची उंदीर सोलतात आणि आग तिथूनही लागते. वर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण. कपाटाला खाली आणि वर दोन-दोन बोटांचे झरोके, जाळी लावून, म्हणजे गरम हवा ओल घेऊन वर निघून जाईल. तेलाचे डबे कपाटात नाहीत. आणि हे फक्त जून ते सप्टेंबर.

बल्ब नकोच असेल तर पन्नास-साठ वॅटचा लहान हीटर रॉड मिळतो, कपाटांसाठीच केलेला. काच फुटायची भीती नाही. महाग आहे, पण मी तरी तोच घेईन.

बाजारात कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे येतात. ते ओल ओढतात, पण त्याचं खारं पाणी होतं. तो डबा खोगिराखाली कलंडला तर रिकिबी गंजतील आणि चामडं जाईल. ठेवायचेच तर तळाशी, परातीत.

माथेरानी

तेलाचं राहिलं. पावसाळ्याआधी लोक खोगिराला तेलाने न्हाऊ घालतात. जास्तीचं तेल चामड्यात जात नाही, वर बसतं, शिवणीचा दोरा कुजवतं आणि बुरशीला आयतं जेवण. मे महिन्यात एकदा, फडक्याला पातळ हात. पावसात नुसतं ग्लिसरीनचं साबण. बुरशी आलीच तर सामान बाहेर नेऊन पुसा, आत झटकलं की बी सगळीकडे पसरतं. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, पुसून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा उन्हात टाकलंत की पापडासारखं कडक होईल.

वाटसरू_७१

वाचनखूण साठवली आहे. घोडा घ्यायचा विचार गेली काही वर्षं चालू आहे, आता आधी कपाट करतो.

मावळपागा

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. काम बऱ्यापैकी झालंय, पाऊसही सुरू झालाय.

चौकट दीड इंची पाइपची, रेड ऑक्साइड मारून वर रंग. पायाखाली रबरी बुटं, शहाबादीला ओल सुटते म्हणून. तिच्यावर मोकळ्या वापराचे हात: रोज लागणारं गादीचं खोगीर, लगामांचे डबे, आणि नमद्यांसाठी तीन आडवे पाइप, एकमेकांपासून हातभर लांब. नमदा पसरून टांगायचा, दुमडून नाही. दोर जमिनीवर पडू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या रिमा अर्ध्या कापून लावल्यात. काथ्याचा दोर त्यावर गुंडाळला की वेढे मोकळे राहतात.

इंग्लिश खोगीर आणि चांगले लगाम कपाटात. माप पारा_चढला यांचंच. शेवटी हीटर रॉड घेतला, सासूबाई बल्बला कबूल होईनात. पहिल्या आठवड्यात पाऊस धो धो असताना बाहेर ९३ टक्के, कपाटात ६६. पण एक बघितलं: घामाने ओलं खोगीर पुसून लगेच आत ठेवलं की काटा तासाभरात ८० वर जातो आणि खाली यायला रात्र लागते. म्हणून आता नियम असा की उतरवलेलं खोगीर आधी रात्रभर मोकळ्या हातावर, पंख्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी कपाटात. थोडक्यात, उघडं की बंद या प्रश्नाला आमच्यापुरतं उत्तर दोन्ही, पाळीपाळीने.

ड्रम तीन मिळाले, आंब्याच्या गराचे, लेबलासकट. तिन्ही उघडले तर अजून हापूसचा वास. तट्टू त्या ड्रमकडे मान लांब करून उभं राहतं. मापटी लाल दोऱ्याने ड्रमलाच बांधलीत, म्हणजे इकडची तिकडे जात नाहीत. गाईची पेंड आता गोठ्याच्या त्या टोकाला, डॉक्टर म्हणाले त्या दिवशीच हलवली.

औषधांचा डबा दाराजवळ, हाताच्या उंचीला: थर्मामीटर, पोव्हिडोन आयोडीन, सलाइनच्या बाटल्या, बँडेज, कापूस, कात्री, टॉर्च. झाकणाच्या आत कागद चिकटवलाय, तापमान ३७.५ ते ३८.५, नाडी मिनिटाला २८ ते ४४, आणि खाली पशुवैद्यांचा नंबर. नवरा म्हणाला तुला पाठ आहे की. मी घरी नसताना तुला पाठ आहे का, एवढंच विचारलं.

खर्च विचारलाय व्यक्तिगत निरोपात दोघांनी. लाकूड भंगारातलं, डबे फुकट, मजुरी घरची. पैसे लागले ते पाइप, मरीन प्लाय आणि इलेक्ट्रिकच्या कामाला. त्यातही प्लायला सर्वात जास्त.

सहज_डोकावले

इलेक्ट्रिशियनकडून ईएलसीबी लावून घेतला ना?

मावळपागा

हो, आणि बटण दाबून तपासलाही. अर्थिंगचा खड्डा मात्र नवा करावा लागला, जुन्यात नुसती वायर पुरलेली निघाली.

रंधा

वा! फोटो टाका की. आणि फळ्यांना पॉलिश काय केलंत? चकचकीत व्हार्निश असेल तर घासून काढा. दमट दिवसांत चामडं त्याला चिकटतं आणि उचलताना पापुद्रा घेऊन येतं.

मावळपागा

काहीच नाही केलं, कोरडंच ठेवलंय. वर जुन्या घोंगडीची पट्टी ताणून खिळवलीय. चालेल ना?

रंधा

घोंगडी उत्तम. खिळे मात्र वरच्या बाजूला नकोत, फळीच्या आतल्या कडेला, फटीकडून मारा. लोकर घासून पातळ झाली की डोकी वर येतात आणि खोगिराच्या गादीत घुसतात. दर वर्षी घोंगडी बदलताना बोट फिरवून बघा.

माथेरानी

घोंगडीत कसर लागते. पाऊस संपला की काढून दोन दिवस कडक उन्हात टाका, मग परत लावा. आणि तट्टाच्या मापट्याला दोरा लांब ठेवला असेल तर आखूड करा, तट्टू तो ओढून ड्रम पाडेल.